विकतचं काहीतरी

मी नोकरीला लागले त्या दिवशी पगारेबाईंनी माझं नाव विचारायच्या आधी मला एक हिरवं फळ खायला दिलं. बोराएवढं, खाऱ्या पाण्यातलं, बाटलीतून चमच्यानं काढलेलं.

"खा," म्हणाल्या. "थुंकायचं असेल तर खिडकी डाव्या हाताला आहे."

मी खाल्लं. खारट, कडवट, तेलकट, काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. नव्या नोकरीच्या धाकानं मी ते गिळलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, बाटलीला झाकण लावलं आणि म्हणाल्या, "नामंजूर. मलाही तसंच वाटलं होतं, पण एकीच्या मतावर फाईल बंद करू नये." मग नाव विचारलं.

नाशिकमधलं आमचं ऑफिस म्हणजे शरणपूर रोडच्या बाजूचा एक जुना बंगला. छतावर कौलं, आत फायलींचा वास. पगारेबाई तिथं टायपिस्ट होत्या. पस्तिशीच्या असतील तेव्हा. उंच, सावळ्या, खांद्यानं जरा वाकलेल्या. दिवसभर स्टेन्सिल कापायच्या आणि चुकलेल्या अक्षरावर लावायच्या लाल औषधाचा वास त्यांच्या बोटांना कायम असायचा. कमी बोलायच्या. संध्याकाळी मशीनवर कव्हर घालताना मात्र रोज म्हणायच्या, "चला, हाही गेला." त्यात ना दुःख असायचं ना आनंद. अंगावरचं ओझं खाली ठेवल्यासारखं म्हणायच्या, एवढंच.

लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावाला इंजिनिअर केलं होतं, तो औरंगाबादला असायचा. उपनगरजवळच्या कॉलनीत दोन खोल्यांत त्या आणि त्यांची आई राहायच्या. आई मूळची सटाण्याकडच्या एका खेड्यातली. हौस म्हणावी अशी एकच गोष्ट पगारेबाईंच्या आयुष्यात होती. किराणा दुकानात खायचं काही नवीन आलं की ते घ्यायचं आणि चाखून बघायचं.

पगार झाला की त्या मेनरोडवरच्या हिराभाईंच्या दुकानात जायच्या. पुष्कळदा मीही बरोबर असायचे. बाकीची गिऱ्हाइकं दुकानाच्या तोंडाशी आडव्या टाकलेल्या फळीच्या अलीकडे उभी राहून यादी वाचायची. पगारेबाई फळी उचलून सरळ आत जायच्या, मागच्या कपाटापर्यंत. हिराभाईंनी त्यांना कधी अडवलं नाही.

"काय नवीन, शेठ?"

"या बाई, तुमचीच वाट बघतो. मुंबईहून माल आलाय. तुम्ही नाही घेतलं तर मीच खायचा."

मग त्या एकेक डबा हातात घ्यायच्या, चष्मा वर सरकवायच्या आणि लेबल वाचायच्या. पुढून, मागून, खालून. सरकारी परिपत्रक वाचावं तसं. पंधरा-वीस मिनिटं सहज जायची. माझे पाय दुखायला लागायचे.

"चला ना, पगारेबाई."

"थांब गं. थंड करून वाढा म्हणतोय हा. कशात थंड करू? माठात?"

असं करत त्यांनी काय काय आणलं. टिनमधलं चीज, जे कापडात गुंडाळलेल्या साबणासारखं लागलं. पाकिटातलं सूप, त्यात गुठळ्या झाल्या. बाटलीतलं सॉस लगेच मंजूर झालं. डब्यातल्या अळिंब्या उघडल्यावर त्यांच्याकडे आम्ही बराच वेळ नुसतं बघत राहिलो. सोयाबीनच्या वड्या पुढं सगळ्यांकडेच यायला लागल्या, पण आमच्या ऑफिसात त्या पहिल्यांदा पगारेबाईंनी आणल्या, भिजवायच्या असतात हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि आमच्या मालतीबाईंची दाढ दुखावली. मालतीबाई म्हणजे ऑफिसातल्या आम्हा बायकांतल्या सर्वांत जुन्या. त्यांनी होकार दिला की बाकीच्यांचा होकार ठरलेला.

दुपारी दीड वाजता आम्ही पाच-सहाजणी रेकॉर्डरूममधल्या लांब टेबलाशी डबे उघडायचो. एकमेकींच्या डब्यात हात जायचे. हिची भेंडी तिला, तिची कोशिंबीर हिला. पगारेबाई टोकाच्या खुर्चीवर बसायच्या. त्यांच्या डब्यात बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत असं असायचं, आणि त्या भरताला इतका खमंग वास यायचा की तोंडाला पाणी सुटावं. पण ती देवघेव त्यांच्या डब्यापर्यंत जाता जाता थांबायची. पगारेबाई बौद्ध होत्या. हे ऑफिसात कुणी बोलत नसे आणि सगळ्यांना माहीत असे. कुणी कधी तोंडावर नको म्हटलं नाही. नको म्हणायची वेळच येऊ द्यायची नाही, याची एक रीत असते. ती आम्हाला न शिकवता येत होती.

पाकिटं मात्र चालायची. त्यांनी आणलेली बिस्किटं, वेफर्स, बाटलीतलं, डब्यातलं, सगळं सगळ्याजणी खायच्या. मी ते बघत होते आणि तरी माझ्या लक्षात येत नव्हतं. आता वाटतं, लक्षात येत होतं. लक्षात ठेवत नव्हते.

आणीबाणी उठली त्या सुमाराला हिराभाईंकडे मॅकरोनी आली. पोकळ, वाकड्या नळ्या. पगारेबाईंनी ती घरी केली, कांदा-टोमॅटो घालून, वर थोडा गरम मसाला, आणि मोठा डबा भरून आणली. टेबलाच्या मधोमध ठेवली.

"अगं बाई, हे काय? रबरी नळ्या?" मालतीबाई म्हणाल्या. "दिसतंय मात्र छान. पण आज माझा गुरुवार."

दुसरीचं पोट सकाळपासून बरं नव्हतं. तिसरीनं उद्या घेते म्हटलं. मी म्हटलं, "मी नंतर घेते हं, पगारेबाई." नंतर मी आवक-जावकच्या रजिस्टरात डोकं घातलं ते साडेपाचपर्यंत. डबा भरलेला होता तसा परत गेला. जाताना त्या "चला, हाही गेला" म्हणाल्या की नाही, मला आठवत नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी न उघडलेलं पाकीट आणलं. दोन टोमॅटो, दोन कांदे, कागदाच्या पुडीत मीठ-तिखट. आमचा शिपाई काशिनाथ व्हरांड्यात स्टोव्हवर चहा करायचा. त्याला म्हणाल्या, "काशिनाथ, चहाचं पातेलं घे. नळाचं पाणी भर. उकळलं की हे टाक."

काशिनाथ करत गेला आणि त्या सांगत गेल्या. दोन पावलं लांब, हात पाठीमागे बांधून उभ्या होत्या. कांदा त्यानं चिरला, पाकीट त्यानं फोडलं, ढवळलं त्यानंच. सगळ्याजणी गंमत बघायला व्हरांड्यात आल्या. ऑफिसच्या बशा निघाल्या. पाच मिनिटांत पातेलं रिकामं झालं. मालतीबाईंनी दोनदा घेतलं. तोही गुरुवारच होता.

पगारेबाईंनी स्वतः घेतलं नाही. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मंजूर झालं म्हणायचं. पाणी नळाचं, हात काशिनाथचा." आणि हसल्या. रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी माझी बशी नळाखाली धरून उभी राहिले, ती स्वच्छ झाल्यावरही.

पावसाळ्यानंतर त्या तापानं आजारी पडल्या. आठ दिवस झाले तरी आल्या नाहीत. रजेच्या अर्जावर सही हवी होती म्हणून एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. स्वच्छ, थंड, लहान घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली खाटेवर पगारेबाई कानाला रुमाल बांधून बसलेल्या. खिडकीत ओल्या फडक्यावर एक थाळी ठेवली होती आणि त्यांची आई तिच्यासमोर उकिडवी बसून त्या थाळीकडे संशयानं बघत होती. थाळीत लाल जेली होती. म्हातारीनं थाळीला बोट लावलं, जेली थरथरली.

"हाई काब्रं हालस?" तिनं लेकीला अहिराणीत विचारलं. "जित्तं शे का?"

"जित्तं नही, माय. खाई देख."

म्हातारीनं एक तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ तोंडात घोळवला. "गोड शे," म्हणाली. "पन चावाले काहीच नही."

पगारेबाई इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मीही जेली खाल्ली. पाकिटातली होती.

म्हातारी आत गेल्यावर मी सहज विचारलं, "तुम्हाला ही आवड लागली कशी हो?"

त्यांनी उशी पाठीशी घेतली. मग सांगायला लागल्या. तापामुळे असेल, एरवी एवढं बोलल्या नसत्या.

"आमच्या गावात वाण्याचं दुकान होतं. त्याचा ओटा माझ्या डोक्याएवढा उंच. आम्ही खाली उभं राहायचं. तो वरनं टाकायचा, आपण फडकं धरायचं. नेम चुकला तर गूळ मातीत. तो घरी नेऊन माय धुवायची, अर्धा पाण्यातच जायचा. मी असेन सात-आठ वर्षांची. दुकानात आत अंधार आणि त्या अंधारात फळ्यांवर पत्र्याचे डबे चमकायचे. मला वाटायचं, काय असेल त्यांत? वास यायचे, पण कशाचे ते कळायचं नाही. मीठ, तेल, गूळ एवढंच मला मागता यायचं. ज्याचं नाव माहीत नाही ते मागणार कसं?"

त्यांनी कानावरचा रुमाल सारखा केला.

"पहिला पगार झाला तेव्हा हिराभाईंच्या दुकानात गेले आणि फळी उचलून आत शिरले. त्यांनी विचारलं, काय पाहिजे बाई? मी म्हटलं, काय काय आहे ते बघायचंय." त्या थांबल्या, पाणी प्यायल्या. "आणि दुसरं असं बघ विजया. मी पुरणपोळी केली की कुणीतरी म्हणणार, आमच्यात अशी नसते. सांजा केला की म्हणणार, तुमच्याकडे असा करतात होय? प्रत्येक खाण्याला मालक आहे गं. हे जे नवीन येतं ना, ते कुणाच्याच आईनं केलेलं नसतं. तुझी सासू आणि माझी माय, दोघी त्याच्यापुढं सारख्याच अडाणी."

तेवढ्यात म्हातारी दारात आली. हात पिठानं माखलेले होते. माझ्याकडे बघून प्रेमानं म्हणाली, "पोरी, भाकर खाशी का? गरम शे."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला माहीत नाही, खरंच माहीत नाही. पण माझ्या आधी पगारेबाईच बोलल्या.

"माय, तिले घाई शे."

मला कसलीही घाई नव्हती. रविवार होता. मी अर्ज घेतला आणि निघाले. बसच्या थांब्यावर पाऊण तास बसून राहिले.

पुढं मला मुलगी झाली. माझं सासर पंचवटीत. सासरे घाटावर यात्रेकरूंची धार्मिक कामं करायचे, घरात सोवळंओवळं कडक. बारशाला ऑफिसातल्या सगळ्यांना बोलावलं, मग पगारेबाईंनाही बोलावलं. त्या अननसाचा बंद टिन घेऊन आल्या. हा टिन मिळावा म्हणून त्या खास देवळाली कॅम्पच्या दुकानात जाऊन आल्या होत्या. बाळाच्या कपाळावर हात ठेवला, कोपऱ्यात बसल्या.

सासूबाई वागायला अगदी गोड. सगळ्यांना चहा आला. मालतीबाईंना, बाकीच्यांना स्टीलच्या नव्या फुलपात्रांतून. पगारेबाईंना चिनी मातीच्या कपातून, ज्याचा कान तुटला होता. तो कप मागच्या दारी खिडकीवर असायचा, धोब्यासाठी. मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. बाळ मांडीवर होतं, मी उठले नाही. बाळ मांडीवर नसतं तरी उठले असते का, कोण जाणे.

त्यांनी चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग उठल्या, "मोरी कुठे?" विचारलं, कप स्वतः धुतला आणि खिडकीवर उपडा ठेवला. खिडकी त्यांना कुणी दाखवली नव्हती.

"अहो, कशाला, राहू द्या," सासूबाई म्हणाल्या. बसल्या जागेवरून.

संध्याकाळी सासूबाईंनी स्वतःच तो टिन सुरीनं आणि बत्त्यानं ठोकून उघडला. मी म्हटलं, "तुम्हाला चालेल?" तर म्हणाल्या, "कारखान्यात बंद झालेला डबा आहे, त्याला काय होतंय?" त्यांनी चार चकत्या खाल्ल्या आणि पाक वाटीनं प्यायला. मीही खाल्ल्या.

बाळंतपणाची रजा संपून मी रुजू झाले तेव्हा पगारेबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "अननस कसा होता?"

"छान होता. सगळ्यांनी खाल्ला."

"सासूबाईंनी?"

"हो."

"बंद डब्याचं बरं असतं," त्या म्हणाल्या आणि मशीनमध्ये कागद चढवला.

मी त्या दिवशी घरी जाऊन सासूबाईंशी भांडले असं लिहायला मला आवडलं असतं. तो कप मी फेकून दिला, हे तरी. पण तसं काही झालं नाही. कप पुढं मांजरानं पाडला.

वर्षं गेली. बायकांच्या केसांत पांढरं आलं, नवे साहेब आले, गेले. पगारेबाईंचे खांदे आणखी वाकले. मान धरायची, मनगटं सुजायची. तरी हिराभाईंकडे जाणं चालू होतं. जे आणतील ते अजूनही न फोडता आणायचं आणि टेबलावर सगळ्यांच्या देखत फोडायचं, हा त्यांनी ठरवून घेतलेला नियम होता. शिजवलेलं पुन्हा कधी आणलं नाही.

एका साहेबांची बदली झाली. साहेब मोकळ्या स्वभावाचे, सगळ्यांना हवेसे. बायकांनी ठरवलं, हॉटेलचं नको, प्रत्येकीनं एकेक पदार्थ करून आणायचा आणि साहेबांना निरोपाचं जेवण द्यायचं. यादी करायच्या दिवशी सकाळीच पगारेबाई माझ्या टेबलाशी आल्या. चेहरा वेगळाच दिसत होता.

"मी कळण्याची, ज्वारी-उडदाची, भाकरी आणि भरीत करणार आहे. मायला विचारलं. ती म्हणते, वीस माणसांचं सहज करू. साहेब जळगावकडचे आहेत, त्यांना आवडेल. तुला काय वाटतं?"

"छानच होईल," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

दुपारी मालतीबाईंनी यादी करायला घेतली. माझं अक्षर चांगलं म्हणून लिहायला मी. श्रीखंड अमकी, मसालेभात तमकी, असं सांगत गेल्या. पगारेबाई तेव्हा साहेबांच्या खोलीत पत्र घ्यायला गेल्या होत्या.

"पगारेबाई..." मालतीबाई जरा थांबल्या. "त्यांना विकतचं काहीतरी आणू दे. त्यांना हौसच आहे नाहीतरी."

मी म्हटलं, "त्या भरीत आणि..."

"अगं, वीस माणसं जेवणार. सगळ्यांचं बघावं लागतं," मालतीबाई हळू आवाजात म्हणाल्या. वाईट बाई नव्हत्या त्या. माझ्या बाळंतपणात मला डिंकाचे लाडू त्यांनीच दिले होते. बाकीच्या खाली बघत होत्या. पेन माझ्या हातात होतं.

मी लिहिलं. 'पगारेबाई - विकतचं काहीतरी.'

यादी सगळ्या टेबलांवर फिरली. प्रत्येकीनं वाचून सही करायची. पगारेबाईंकडे गेली तेव्हा मी मान वर केली नाही, पण मला कळत होतं. त्यांनी चष्मा वर सरकवला. कागद वाचला. उलटा करून मागची बाजूही बघितली, तिथं काहीच नव्हतं. मग सही केली आणि कागद स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"विजया," त्या म्हणाल्या, "अक्षर तुझं चांगलं आहे."

निरोपाच्या दिवशी त्यांनी नूडल्सची पाकिटं आणली. तेव्हा त्या नवीनच निघाल्या होत्या. काशिनाथनं उकळल्या. सगळे खूश. साहेबांनी भाषणात म्हटलं की पगारेबाई म्हणजे आपल्या ऑफिसातल्या सर्वांत आधुनिक बाई. टाळ्या पडल्या. पगारेबाई टाळ्या थांबेपर्यंत बसल्या, मग उठून मशीनवर गेल्या. एक स्टेन्सिल अर्धं राहिलं होतं.

त्यानंतर त्यांनी नवीन काही आणलं नाही. सुरुवातीला मला वाटलं, महिना-दोन महिने. पण नाहीच. दुकानं तेव्हा बदलत होती, पूर्वी वर्षात एखादी यायची ती नवी वस्तू आता दर आठवड्याला यायची. हिराभाईंनी काचेची कपाटं केली, रंगीत पाकिटांच्या माळा टांगल्या. पगारेबाई फळीच्या बाहेर उभ्या राहून तांदूळ, डाळ, चहा घ्यायच्या.

"बाई, आत या ना, बघा तरी," हिराभाई म्हणायचे.

"नको शेठ. खूप खाऊन झालं."

हिराभाई माझ्याकडे बघायचे, काय झालं म्हणून. मी पिशवी सावरायचे.

मग पगारेबाईंची म्हातारी माय गेली. झोपेतच गेली. मी भेटायला गेले तेव्हा घरात माणसं होती, बोलणं झालं नाही. तीन-चार महिन्यांनी एका रविवारी परत गेले. त्या दिवशी मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, मुद्दाम. बसमध्ये मनात वाक्य घोळवत होते.

त्या एकट्याच होत्या. खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलून झालं. मी म्हटलं, "पगारेबाई, मला भाकरी खायचीय. तुमच्या हातची. कराल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ.

"आज?"

"हो."

"आज नाही गं."

"मी पीठ मळते. तुम्ही नुसत्या थापा."

"पीठ आहे, सगळं आहे." त्यांनी डोळे मिटले आणि भिंतीला डोकं टेकलं. आवाजात राग नव्हता, मी शोधला, सापडला नाही. "तू मनापासून मागतेस, कळतंय मला. पण आता मी भाकरी करणार, तू खाणार, मग तुझ्या डोळ्यांत पाणी येणार. मग मी तुला म्हणायचं, जाऊ दे विजया, त्यात काय एवढं. तेही मीच म्हणायचं. ते सगळं करायला अंगात त्राण पाहिजे. मला कंटाळा आलाय. खरंच कंटाळा आलाय."

बाहेर कॉलनीतली पोरं क्रिकेट खेळत होती, बॉल दारावर आपटला तसं त्या दचकल्या आणि म्हणाल्या, "बढती आलीय मला. धुळ्याला. महिनाअखेर जायचंय." मग त्यांनी उठून पंखा वाढवला.

त्या निघाल्या त्या दिवशी सकाळी मी ऑफिसला उशीर होईल असं कळवून सीबीएसच्या बसस्थानकावर गेले. धुळ्याची गाडी लागली होती. गर्दी नव्हती. मी खालून एकेक खिडकी बघत गेले. तिसऱ्या खिडकीत पगारेबाई होत्या. गाडी सुटायची होती, तरी त्या झोपल्या होत्या. डोकं खिडकीच्या गजाला टेकलेलं, चष्मा मांडीवर, तोंड जरासं उघडं. सामान बांधण्यात थकल्या असतील. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. नाकाच्या दोन्ही बाजूंना खोल लाल खुणा होत्या.

शेजारी एक फेटेवाले गृहस्थ बसले होते. मला उभी बघून म्हणाले, "उठवू का बाईंना?"

"नको."

"काही निरोप सांगायचाय का?"

बोलायचं ते रात्रभर जुळवून मी आले होते. मी त्या झोपलेल्या चेहऱ्याकडे बघितलं.

"नको," म्हटलं. "झोपू द्या."

कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. गाडी हिसका देऊन निघाली तसं त्यांचं डोकं गजावर आपटलं. त्यांनी डोळे न उघडताच पदर गोळा करून गजाशी धरला, त्यावर गाल टेकवला आणि पुन्हा झोपल्या.